आकडा वाचला खरा, पण हद्दीतला होता का?



आज एका चुकीबद्दल लिहितेय. चूक माझीच होती आणि तिने माझे जवळजवळ पंधरा दिवस खाल्ले. पण लेख रडगाण्याचा नाही. त्या चुकीच्या निमित्ताने मी एक छोटी परीक्षा घेतली: मजकुरातला आकडा वाचून त्याचं संगणकातल्या दशांश आकड्यात रूपांतर करणारी जी फंक्शनं आपण रोज डोळे मिटून वापरतो, ती आकडा हद्दीबाहेरचा निघाला तर काय करतात? तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल, तर हा प्रश्न तुमच्या कामात कधी ना कधी येणारच. शक्यतो माझ्याआधी येऊ दे.

एक खुलासा आधीच. घातांकासाठी फाइलमध्ये जे रोमन अक्षर असतं, ते मी इथे 'ई' असं लिहिणार आहे. म्हणजे १ई४०० याचा अर्थ १ वर ४०० शून्यं, आणि १ई-४०० याचा अर्थ तितकीच लहान संख्या.

करवतीचे दात

माझं काम संगणकीय रसायनशास्त्रातलं. इलेक्ट्रॉनचं तरंगफल केंद्रापासून दूर जाताना कसं विरत जातं, हे मी बघत होते. ढोबळमानाने ते ई-पॉवर-वजा-आर असं घसरतं. आर २५० असेल तर किंमत साधारण २.६७ई-१०९. म्हणजे व्यवहारात शून्यच. आलेखाची शेपटी जमिनीला टेकलेली दिसायला हवी.

माझ्या आलेखाची शेपटी टेकलेली होती, पण २३० पर्यंतच. त्यापुढे ती एकदम उसळायची, मग हळूहळू खाली यायची, पुन्हा उसळायची. अगदी करवतीच्या दातांसारखी. येरवड्याच्या खोलीत रात्री दीड वाजता हे चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला (हसू नका) आनंद झाला होता. वाटलं, लांब पल्ल्याचं काहीतरी आंदोलन सापडलं! पुढचे काही दिवस मी सीमेच्या अटी बदलून पाहिल्या, जाळी बारीक केली, मोठी केली. दात जागचे हलेनात.

शेवटी ग्रुपमधल्या एका ज्युनियरने विचारलं, "ताई, दोन दातांमधलं अंतर किती आहे?" मोजलं. २.३. दर वेळी २.३. आणि मग डोक्यात उजेड पडला. १० चा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे २.३०२६. निसर्गाला दशमान पद्धत कुठे ठाऊक असते? अणूच्या शेपटीत १० चा लॉग दिसत असेल, तर तो अणूने घातलेला नाही, आकडे छापणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने घातलेला आहे.

झालं होतं असं. आकडे फोरट्रानच्या जुन्या प्रोग्रामने छापले होते. फोरट्रानच्या नेहमीच्या साच्यात घातांकाला दोनच अंकांची जागा असते. घातांक तीन अंकी झाला की फोरट्रान 'ई' हे अक्षरच गाळतो आणि त्या जागी तिसरा अंक बसवतो. त्यामुळे २.६७ई-१०९ हा आकडा फाइलमध्ये ०.२६६९-१०८ असा दिसतो. ही चूक नाही. फोरट्रानच्या मानकातच तसं लिहिलेलं आहे, आणि फोरट्रानला तो परत वाचायला दिला तर तो बरोबर वाचतो.

पण मी ती फाइल ऑकच्या तीन ओळींच्या स्क्रिप्टने वाचली होती. ऑकने ०.२६६९ एवढं वाचलं, पुढची वजाबाकीची खूण त्याला समजली नाही, आणि तो तिथेच थांबला. निमूटपणे. सूचना नाही, तक्रार नाही. १०८ घात गायब. शून्याहून शून्य असलेली संख्या एकदम पाव झाली. आर २.३ ने वाढला की घातांक एकाने बदलतो आणि पुढचा अपूर्णांक १ पासून ०.१ पर्यंत घसरून पुन्हा १ वर येतो. हेच माझे दात.

आता कुणी म्हणेल, पायथन वापरलं असतंस तर वाचली असतीस. खरं आहे. पायथनच्या फ्लोटला ०.२६६९-१०८ दिलं तर तो सरळ चूक दाखवून थांबतो. पण थोडं थांबा, पायथनचीही पाळी येणार आहे.

तीन वेगळे प्रश्न

आकडा वाचण्यात तीन प्रकारे बिघाड होतो, आणि आपण तिन्ही एकाच पोत्यात भरतो.

पहिला: मजकुरात आकडाच नाही. 'लागू नाही' असं लिहिलंय, किंवा रकाना रिकामा आहे.

दुसरा: आकडा अर्धाच वाचला गेला. माझं प्रकरण हे. आपल्याकडच्या सरकारी तक्त्यांमध्ये हे फार होतं, कारण तिथे १,२३,४५६ असे स्वल्पविराम असतात. सी-भाषेच्या पद्धतीने वाचणारा प्रोग्राम पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतो आणि सव्वा लाखाचा १ करून देतो. उलट गंमत अशी की, देवनागरी अंकांतला ३.१४ पायथनचा फ्लोट व्यवस्थित वाचतो, पण सी आणि जावास्क्रिप्ट वाचत नाहीत.

तिसरा: आकडा पूर्ण आणि शुद्ध आहे, पण तो मावत नाही. हीच हद्दीची चूक.

आपण जो 'डबल' प्रकार वापरतो, त्याची हद्द १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने आखलेली आहे. वरची हद्द साधारण १.८ई३०८. खालच्या बाजूला हद्दी दोन आहेत. २.२ई-३०८ पर्यंत पूर्ण अचूकता मिळते. त्याखाली ४.९ई-३२४ पर्यंत संख्या मांडता येतात, पण एकेक अंक गमावत. त्यांना सबनॉर्मल म्हणतात. त्याही खाली शून्य. बत्तीस बिटांच्या 'फ्लोट'मध्ये वरची हद्द ३.४ई३८ एवढीच, म्हणजे तिथे ठेच फार लवकर लागते.

तेव्हा प्रश्न असा: मजकुरात १ई४०० असं शुद्ध लिहिलेलं असेल, तर वाचणाऱ्याने काय सांगावं? 'अनंत'? 'चूक'? की दोन्ही?

सी: माहिती सगळी, पण तीन ठिकाणी

सी-भाषेतलं स्ट्रटॉड हे या सगळ्यांचं मूळपुरुष. मी त्याच्यावर टीका करणार आहे, पण आधी न्याय करते. आकडा वाचताना कळायला हवं ते जवळजवळ सगळं स्ट्रटॉड सांगतं. किंमत परत देतं. कुठल्या अक्षराशी थांबलो हे एका पॉइंटरमधून सांगतं. आणि आकडा वरून हद्दीबाहेर गेला तर 'ह्यूज-व्हॅल', म्हणजे आजच्या यंत्रांवर अनंत, देऊन एरनो नावाच्या सामाईक जागेत 'ईरेंज' असं नोंदवून ठेवतं.

दोष असा की या तीन गोष्टी तीन ठिकाणी आहेत आणि त्यांतल्या दोन बघणं ऐच्छिक आहे. एखाद्या कचेरीत खिडकीवर तुमचा अर्ज हसतमुखाने घेतात, पोच देतात, आणि त्रुटी मात्र मागच्या व्हरांड्यातल्या फलकावर लावतात, तसं. शिवाय तो फलक कुणी पुसत नाही. एरनो आपणहून शून्य होत नाही. वाचण्याआधी तुम्ही तो पुसला नाही, तर आधीच्या कुणाची तरी त्रुटी तुमची समजून घराकडे परताल.

आणि खालची हद्द? तिथे मानकाने हात वर केले आहेत. संख्या फार लहान निघाली तर ईरेंज नोंदवायचं की नाही, हे सी-९९ पासून ज्याने त्याने ठरवायचं. म्हणजे तुमचा तोच कोड एका संगणकावर तक्रार करेल, दुसऱ्यावर गप्प बसेल.

स्ट्रटॉडचा धाकटा भाऊ एटॉफ. त्याच्याबद्दल एकच वाक्य: आकडा मावला नाही तर काय होईल याची मानक हमीच देत नाही. नव्या कोडमध्ये त्याला घरात घेऊ नका.

सी-प्लस-प्लस: एकदा जास्त, एकदा कमी

सी-प्लस-प्लसच्या एस-टॉड या फंक्शनने फलकाची भानगड मिटवली. हद्द ओलांडली की ते अपवाद फेकतं, म्हणजे दुर्लक्ष करताच येत नाही. छान. पण ते आतून स्ट्रटॉडच वापरतं, आणि लिनक्सवरच्या नेहमीच्या लायब्ररीत १ई-३१० सारख्या सबनॉर्मल संख्येलाही ईरेंज लागतो. परिणाम: जी संख्या डबलमध्ये मांडता येते, थोडे अंक गमावून का होईना, तिलाही दारातून हाकललं जातं. १ई४०० आणि १ई-३१० या दोघांना एकच शिक्षा.

मग २०१७ च्या मानकात फ्रॉम-कॅर्स आलं. वेगवान, देशोदेशीच्या दशांशचिन्हांच्या गोंधळापासून मुक्त, एरनोला न शिवणारं. मला ते मनापासून आवडतं. पण हद्दीच्या बाबतीत त्याने एक पाऊल मागे घेतलं, असं माझं मत आहे. संख्या फार मोठी असो की फार लहान, ते एकच खूण परत करतं, 'हद्दीबाहेर', आणि तुमच्या चलाला हातही लावत नाही. म्हणजे १ई४०० होती की १ई-४०० हे कळायला तुम्हाला मूळ मजकूर पुन्हा स्वतः वाचावा लागतो. मग पार्सर कशाला ठेवला होता? वैज्ञानिकासाठी 'मोजता न येण्याइतकं मोठं' आणि 'नसल्यात जमा' ही दोन टोकं आहेत. ती एका खुणेत कोंबणं ही इंटरफेसची चूक आहे, अंकगणिताची नव्हे.

पायथन: गप्प बसलेला शहाणा

आता पायथन. फ्लोटला १ई४०० द्या. तो शांतपणे अनंत देतो. १ई-४०० द्या, शून्य देतो. चूक नाही, इशारा नाही. अक्षर चुकलं की जो लगेच थांबतो, तो हद्द चुकली की डोळे मिटतो.

याच्या बाजूने बोलता येतं. आयईईई ७५४ मध्ये अनंत ही अधिकृत किंमत आहे आणि इतकी मोठी संख्या राउंड केली की अनंतच येतं. जावा आणि जावास्क्रिप्टही हेच करतात. डॉटनेट पूर्वी अशा वेळी अपवाद फेकत असे, पण डॉटनेट कोअर ३.० पासून तेही अनंत देऊ लागलं. म्हणजे वारं याच दिशेने वाहतंय.

पण मग पायथनने सगळीकडे तसंच वागावं ना. १०.० चा ४०० वा घात काढायला सांगा. आता तो अनंत देत नाही, ओव्हरफ्लोची चूक दाखवतो. त्या संदेशात ३४ असा क्रमांकही असतो. लिनक्सवर तो ईरेंजचाच क्रमांक, सीचा तोच जुना फलक. तीच संख्या गणिताने आली तर गुन्हा, फाइलमधून आली तर पाहुणी. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं होतं. गणित माझ्या ताब्यात आहे, फाइल नाही. संशय बाहेरून येणाऱ्यावर जास्त हवा.

आणि ही पाहुणी पुढे काय करते? जावास्क्रिप्टमध्ये १ई४०० असलेली जेसन फाइल वाचा, अनंत मिळेल. तेच परत जेसनमध्ये लिहा, नल मिळेल. एका फेरीत प्रचंड मोठी संख्या 'माहिती नाही' झाली. पायथन तिथे नल लिहीत नाही, इन्फिनिटी असा शब्द लिहितो, जो जेसनच्या व्याकरणात बसतच नाही.

माझ्या परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण गोला मिळाले. गोचं पार्स-फ्लोट अनंतही देतं आणि सोबत 'हद्दीबाहेर' अशी वेगळी चूकही देतं. किंमत आणि शेरा दोन्ही एकदमच हातात, ठरवायचं तुम्ही. पूर्ण गुण मात्र नाहीत, कारण १ई-४०० ला तेही निमूट शून्य देतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस दोन्ही टोकांना सरळ नकार देतो. डेटाबेसने तसंच असावं.

शून्याचं दुखणं

बघा, सगळे अनंताला घाबरतात. पण अनंत निदान दिसतं. सरासरी अनंत आली की माणूस दचकतो. शून्य दचकवत नाही. म्हणून विज्ञानात खालची हद्द जास्त धोक्याची, आणि वर पाहिलंत तसं, खालच्या हद्दीकडेच सगळ्यांनी जास्त दुर्लक्ष केलंय.

उदाहरण जीवशास्त्रातलं घेऊ. जीनोम-वाइड असोसिएशन स्टडी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं जीवास, यात लाखो जनुकीय फरकांची एखाद्या गुणधर्माशी सांगड तपासतात. प्रत्येकाला एक पी-व्हॅल्यू. जितकी लहान, तितका पुरावा भक्कम. आता नमुने लाखांत गेलेत, त्यामुळे झेड-स्कोअर चाळिशीही गाठतो. साधारण ३८.५ च्या पुढे पी-व्हॅल्यू डबलमध्ये मावत नाही. फाइलमध्ये १ई-४०० असं नीट लिहिलेलं असलं तरी वाचताना ती शून्य होते.

मग आपण आलेखासाठी वजा लॉग घेतो. शून्याचा वजा लॉग अनंत. आलेख काढणारं साधन अनंताचा बिंदू काढत नाही. म्हणजे मॅनहॅटन आलेखावरची सगळ्यांत उंच इमारतच गायब! एवढंच नाही. एलडी स्कोअर रिग्रेशनच्या प्रसिद्ध साधनात फाइल साफ करणारी जी पायरी आहे, ती शून्य किंवा त्याहून कमी पी-व्हॅल्यू असलेल्या ओळी अवैध म्हणून काढून टाकते. इशारा देते, पण काढते. त्या ओळींना दोष देण्यासारखं काही नव्हतं, त्या सगळ्यांत भक्कम होत्या. पहिल्या आलेल्या मुलीला गुण जास्त म्हणून नापास करण्यासारखं हे.

यावरचा उपाय पार्सरमध्ये नाही, लिहिण्याच्या पद्धतीत आहे. संख्या न लिहिता तिचा लॉग लिहा. वजा ४०० ही संख्या कुठल्याही डबलमध्ये आरामात मावते. प्लिंक २ मध्ये पी-व्हॅल्यू लॉगमध्ये छापण्याची सोय आहे ती यासाठीच. ब्लास्ट वापरणाऱ्यांनाही हे ओळखीचं वाटेल: तिथे ई-व्हॅल्यू एका मर्यादेखाली गेली की ०.० छापली जाते. अशा वेळी दोन जुळण्यांत सरस कोण हे ई-व्हॅल्यूवरून ठरवू नका, बिट-स्कोअर बघा.

शेवटचा बिट आणि पहिला प्रश्न

वाचन करताना मला एक गोष्ट खटकली. मजकुरातून दशांश संख्या अचूक कशी वाचावी यावर उत्तम काम झालंय. विल्यम क्लिंगरचा पेपर १९९० चा. डेव्हिड गे यांचा स्ट्रटॉडसाठीचा कोडही त्याच सुमाराचा, आणि त्यावर आधारलेली रूपं आजही असंख्य ठिकाणी चालू आहेत. २०२१ मध्ये डॅनियल लेमिर यांनी सेकंदाला एक गिगाबाइट वेगाने आकडे वाचण्याची पद्धत मांडली. हे पेपर जरूर वाचा, पद्धतशीर विचार कसा करावा हे शिकायला मिळतं.

पण या कामाचा सगळा भर शेवटच्या बिटावर आहे. राउंडिंग शेवटच्या बिटापर्यंत बरोबर आलं पाहिजे, आणि वेगात आलं पाहिजे. ते हवंच. मात्र त्या अचूक किमतीसोबत वापरणाऱ्याला काय सांगायचं, हा प्रश्न प्रत्येक भाषेच्या समितीवर सोडलेला. म्हणून तीस वर्षांनंतर सोळाव्या अंकाबाबत सगळ्यांचं एकमत आहे, आणि संख्या मुळात मावली की नाही हे सांगण्याबाबत मात्र नाही.

हद्दीवरचे आकडे पुस्तकी असतात, असं कुणी म्हणालं तर २०११ साल आठवा. त्या जानेवारीत उघड झालं की पीएचपीला २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ हा एक आकडा दिला की काही यंत्रांवर ते अनंत फेऱ्यांत अडकतं. पुढच्याच महिन्यात कळलं की शेवटचा अंक १ ऐवजी २ केला की जावा अडकतं. वेबपेजवरच्या एका रकान्यात हा आकडा भरून सर्व्हर लोळवता येत होता. हा आकडा नेमका कुठला? पूर्ण अचूकतेच्या संख्या संपून सबनॉर्मल सुरू होतात, बरोबर त्या कुंपणावरचा. राउंडिंगचं गणित जिथे नाजूक, तीच ही हद्द.

सिमला ऑफिसचा धडा

आता थोडं पुण्याचं. शिवाजीनगरच्या हवामान खात्याच्या इमारतीला आपण अजून सिमला ऑफिस म्हणतो, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. खात्याच्या पुणे कार्यालयाचा जाळीबद्ध डेटा आज कितीतरी विद्यार्थी वापरतात: पाऊस पाव अंशाच्या जाळीवर, तापमान एक अंशाच्या. जिथे किंमत नाही तिथे पावसाच्या फाइलमध्ये -९९९ असतं आणि तापमानाच्या फाइलमध्ये ९९.९. हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, खात्याचा काही दोष नाही.

पण पार्सरच्या नजरेने बघा. -९९९ आणि ९९.९ या दोन्ही अगदी सभ्य संख्या आहेत. जगातला कुठलाही पार्सर त्यांना अडवणार नाही. एका महिन्यात एकच -९९९ शिरला तर सरासरी उणे येईल आणि तुम्ही पकडाल. पण महाबळेश्वरसारख्या ठिकाणाची वर्षाची बेरीज करताय, समजा ५५०० मिलिमीटर, आणि त्यात एक -९९९ शिरला, तर उत्तर ४५०१. कोण दचकेल? 'यंदा पाऊस जरा कमी झाला' म्हणून परिच्छेद लिहून मोकळे व्हाल. ९९.९ चं तर विचारूच नका. कुणाला ते फॅरनहाइट वाटलं तर पुण्याच्या उन्हाळ्यात चपखल बसतं.

तेव्हा हद्दी दोन असतात. एक यंत्राची, जी पार्सरला माहीत आहे. दुसरी तुमच्या विषयाची, जी फक्त तुम्हाला माहीत आहे. पहिलीची जबाबदारी भाषेवर ढकलता येते, दुसरीची नाही.

मग करायचं काय?

मी आता जे पाळते ते सांगते. नियम म्हणून घेऊ नका, सवयी म्हणून घ्या.

एक, कुठलंही वाचन-साधन वापरण्याआधी त्याला सात आकड्यांची फाइल द्या: १ई४००, -१ई४००, १ई-३१०, १ई-४००, ०.२६६९-१०८, १,२३,४५६ आणि एक रिकामी जागा. काय परत येतं ते वहीत लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

दोन, आकडा पूर्ण वाचला गेला की नाही हे तपासल्याशिवाय किंमत वापरू नका. सीमध्ये थांबण्याचा पॉइंटर बघा, आणि एरनो आधी पुसा.

तीन, वाचल्यावर मोजा: किती अनंत, किती नॅन, किती शून्य. आणि शून्यांपैकी किती मजकुरातही शून्यच होते? मजकुरात शून्येतर अंक आहे आणि किंमत शून्य आली, तर ती खालची हद्द.

चार, विषयाची हद्द कोडमध्ये लिहा. तापमान ६० च्या वर नाही, पाऊस उणे नाही, पी-व्हॅल्यू शून्य नाही.

पाच, तुम्ही स्वतः आकडे छापत असाल तर घातांकाला तीन अंकांची जागा द्या. फोरट्रानमध्ये हे साच्यात एकदा सांगितलं की झालं. माझ्या दातांचा खरा उपाय एवढाच होता.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: दहा लाख ओळींच्या फाइलमध्ये एका हद्दीबाहेरच्या आकड्यासाठी सगळं काम थांबवायचं का? नाही. थांबावं असं माझं म्हणणं नाहीच. थांबायचं, वगळायचं की शून्य धरून पुढे जायचं, हे ज्याचं त्याने आपल्या प्रश्नानुसार ठरवावं. पण ठरवायला आधी कळलं पाहिजे. पार्सरचं काम सांगणं, निर्णय आपला. माझी सगळी तक्रार या 'न सांगण्या'बद्दल आहे.

माझ्या खोलीपासून डेक्कन कॉलेज जवळ आहे. तिथे १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचं काम चाललंय, शब्दांच्या लाखो चिठ्ठ्यांवर. त्या चिठ्ठीवर नुसता शब्द नसतो. तो कुठल्या ग्रंथात, कुठे आला, हेही असतं. संदर्भ नसलेला शब्द कोशकाराच्या काय कामाचा? मला वाटतं, फाइलमधून आलेल्या आकड्याशीही आपण तसंच वागावं. किंमत हवी, आणि ती कशी आली याची चिठ्ठीही हवी.

करवतीच्या दातांचा तो आलेख मी टाकून दिलेला नाही. टेबलासमोर भिंतीवर चिकटवलाय. नवीन कुणी ग्रुपमध्ये आलं की विचारते, हे आंदोलन कशामुळे असेल सांग. बहुतेक जण भौतिकशास्त्र सांगू लागतात. मी त्यांच्या हातात पट्टी देते.